राघूने पिसे का उपटली?

आमच्या घरात पोपट आला तो वारसाहक्काने. माझी मावशी कल्याणला राहत असे. तिच्या मुलाने तिला परदेशी आपल्याकडे न्यायचे ठरवले, तेव्हा तिने भांडीकुंडी जावांना दिली, तुळशीची कुंडी शेजारणीला दिली आणि पोपटाचा पिंजरा आईच्या हाती ठेवून ती डोळे पुसत विमानात बसली. त्या पोपटाला मावशी ‘राघू’ म्हणे. आम्हीही राघूच म्हणू लागलो. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात पोपट आला म्हटल्यावर मित्रमंडळींनी ‘आता घरात दोघे पोपटपंची करणार’ असा विनोद केला. तो प्रत्येकाने स्वतंत्रपणे केला आणि प्रत्येकाला मी नव्याने हसलो.

आम्ही राहतो शेलारला. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागले आणि नदीनाक्यावर कामवारी ओलांडली, की आमचे गाव येते. गाव म्हणायचे ते सवयीने. माझ्या लहानपणी जिथे भाताची खाचरे होती तिथे यंत्रमागांचे कारखाने उभे राहिले. त्यांतले काही आता बंद पडले, काहींचे माग भंगारात गेले. पण आमच्या मागच्या पडवीला लागून जो कारखाना आहे तो अजून रात्रंदिवस चालतो. खडाक्-खट्, खडाक्-खट्. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा मात्र काहीतरी हरवल्यासारखे वाटते. राघूचा पिंजरा आम्ही याच पडवीत टांगला. तिथे वारा होता, सावली होती आणि आईची दुपारची बैठक तिथेच असे.

पहिले तीन-चार महिने बरे गेले. राघू शिट्टी वाजवी, ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणे, आणि मावशीच्या आवाजात ‘चहा झाला का?’ असे विचारून आमच्या सौ.ला दचकवी. मग एके दिवशी पिंजऱ्यात घातलेल्या वर्तमानपत्रावर हिरवी पिसे दिसली. ‘पिसे झडायचे दिवस असतील,’ असे म्हणून मी ती झाडून टाकली. पण झडणाऱ्या पिसांच्या जागी नवी येतात. याच्या छातीवर मात्र करड्या रंगाचा एक चट्टा दिसू लागला. तो महिनाभरात रुपयाएवढ्याचा तळहाताएवढा झाला. आणि एका दुपारी मी प्रत्यक्षच पाहिले. राघूने मान खाली घातली, छातीवरचे एक पीस चोचीत धरले, खसकन् ओढले, क्षणभर चावले आणि खाली टाकले. मग दुसरे. जणू कुणी पालेभाजी निवडत बसले आहे, इतक्या शांतपणे तो स्वतःला उपटत होता.

मग काय, सल्ल्यांना पूर आला. कुणी म्हणाले, उष्णता झाली, सब्जाचे पाणी पाजा. कुणी म्हणाले, दृष्ट लागली. शेजारच्या काकूंनी खोबरेल तेलात हळद कालवून लावायला सांगितले आणि आम्ही ती लावली. राघूचा अवतार पिवळ्या हळकुंडासारखा झाला, आणि ते तेल पुसण्यासाठी त्याने आणखी दुप्पट पिसे उपटली. आई हवालदिल झाली. ‘अरे, मुक्या जिवाचं काहीतरी दुखतंय. डॉक्टरला दाखव,’ असे ती रोज सकाळी मला सांगू लागली.

मुंबईत परळला पशुवैद्यकाचे महाविद्यालय 1886 सालापासून आहे, हे मला ठाऊक होते. पण खास पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टरही असतात, हे ठाऊक नव्हते. चौकशीअंती मुंबईतले एक डॉक्टर सापडले. पिंजऱ्यावर चादर टाकून, मांडीवर घेऊन, आम्ही बापलेक त्यांच्याकडे पोचलो. माझी मुलगी अकरावीला विज्ञान शिकते. त्यामुळे या प्रकरणात घरातला एकमेव तज्ज्ञ तीच.

डॉक्टरांनी राघूला हात लावण्याआधी लांबूनच निरखले. ‘डोक्यावरची पिसे पाहा,’ ते म्हणाले. डोके अगदी गुळगुळीत हिरवे होते, एकही पीस कमी नव्हते. ‘चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. डोके शाबूत आणि छाती भुंडी, याचा अर्थ हा उद्योग याचाच आहे. डोक्यावरचीही पिसे गेली असती, तर मी रोगाचा नाहीतर सोबतच्या दुसऱ्या पक्ष्याचा संशय घेतला असता.’ पोपटांमध्ये चोच आणि पिसे बिघडवणारा एक विषाणुजन्य रोग असतो. त्याची त्यांनी तपासणी केली. कातडी पाहिली, उवा-पिसवा पाहिल्या, विष्ठा तपासली, रक्त पाहिले. पिंजऱ्याच्या तारेला जस्ताचा मुलामा आहे का, हेही विचारले. कारण पोपट तारा चावत बसतात आणि ते जस्त पोटात गेले तर विषबाधा होते, त्यातही पक्षी पिसे उपटतात. आमचा पिंजरा मावशीने नवाच घेतला होता आणि तो तसलाच निघाला. राघूच्या रक्तात मात्र विष नव्हते. तरी पिंजरा बदलायचा, असा हुकूम झाला.

‘आता खाण्याचे सांगा,’ डॉक्टर म्हणाले. मी अभिमानाने सांगितले, ‘सकाळी सूर्यफुलाच्या बिया, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, एक हिरवी मिरची, चहाबरोबर बिस्कीट. संध्याकाळी दूधपोळी.’

डॉक्टर हसले नाहीत. सूर्यफुलाच्या बियांत तेल फार. ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम अगदी थोडे. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की पोपटाची कातडी कोरडी, खरबरीत होते, नाकातोंडाच्या आतले अस्तर बिघडते. पीस म्हणजे जवळजवळ सगळे केराटिन, आपल्या नखाकेसांच्याच जातीचे प्रथिन. ते नुसत्या एका प्रकारच्या दाण्यांवर नीट तयार होत नाही. मग पीस ठिसूळ येते, खाजते, आणि चोच तिकडे वळते. दूध पचवण्याची सोय पक्ष्यांच्या पोटात नाही. बिस्किटातले मीठ-साखर आणि चहा त्यांना घातकच. आमच्या साऱ्या यादीत निर्दोष सुटली ती एकटी मिरची. ती पक्ष्यांना तिखट लागतच नाही. मिरचीतला जो अंश आपली जीभ पोळतो तो ओळखण्याची यंत्रणाच त्यांच्यात वेगळी आहे. उलट पिकलेल्या लाल मिरचीतून त्यांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा भरपूर पुरवठा होतो.

एवढे झाल्यावर डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला. ‘हे सगळे खायला त्याला किती वेळ लागतो?’

‘वाटी ठेवली की दहा-पंधरा मिनिटांत साफ,’ मी म्हणालो.

‘आणि उरलेला दिवसभर तो काय करतो?’

मी मुलीकडे पाहिले, मुलीने माझ्याकडे पाहिले. आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता येईना. राघू पिंजऱ्यात राहतो एवढे आम्हाला माहीत होते. तो दिवसभर करतो काय, हा विचारच कधी मनात आला नव्हता.

डॉक्टरांनी सांगितले ते मी नंतर वाचूनही पाहिले. रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास पोटासाठी खपत असतो. थव्याने उडायचे, झाड शोधायचे, फांदीला उलटे लटकून फळ तोडायचे, पायात धरायचे, साल सोलायची, शेंग फोडायची, बी काढायची, टरफल थुंकायचे. बी अर्धा मिनिट मिळते, पण तिच्यासाठी दहा मिनिटांची खटपट. चोच, जीभ, पाय आणि डोके या चौघांनाही काम. आपण त्याला काय देतो? सोललेले, भिजवलेले, वाटीत घातलेले. खटपट सगळी आपण करतो आणि पोट तेवढे त्याचे भरतो. मग जी चोच दिवसभर सोलण्या-उपटण्यासाठी घडली आहे, तिला पिंजऱ्यात सोलण्यासारखे एकच उरते, ते म्हणजे तिच्या मालकाचे अंग.

ही कवीची कल्पना नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2003 साली ॲमेझॉन जातीच्या तरुण पोपटांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही पोपट नुसत्या पिंजऱ्यांत वाढवले. काहींच्या पिंजऱ्यांत दोर, दांड्या आणि खटपट केल्याशिवाय खाऊ न मिळणारी साधने ठेवली. सुमारे वर्षभरात नुसत्या पिंजऱ्यांतल्या पोपटांची पिसे पुष्कळच खराब झाली. मग त्यांनाही तशीच साधने दिली, तेव्हा ती सुधारू लागली. हॉलंडमधील उट्रेख्टच्या संशोधकांनी 2008 साली पिसे उपटणाऱ्या आफ्रिकन करड्या पोपटांना वाटीऐवजी भोकाभोकांच्या नळीतून दाणे काढायला लावले, आणि त्यांच्या पिसांतही सुधारणा दिसली. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली पुष्कळ जातींची तुलना केली. ज्या जातींचे रानातले अन्न फोडण्या-सोलण्याला जास्त वेळ लागतो, त्याच पिंजऱ्यात अधिक पिसे उपटतात, असे त्यांना आढळले. आहार आणि परिस्थिती ही आपण दोन वेगळी कारणे मानतो. पोपटाच्या लेखी ती पुष्कळदा एकच असतात. त्याने काय खाल्ले याइतकेच, ते मिळवायला त्याला काय करावे लागले, याला महत्त्व आहे.

घरी परतल्यावर मुलीने एक वही केली. रोज संध्याकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली पिसे मोजायची आणि त्या दिवशी काय घडले ते लिहायचे. पंधरा दिवसांनी तिने ती वही माझ्यापुढे ठेवली. ‘बाबा, शुक्रवारी पिसे कमी.’ शुक्रवारी माग बंद. म्हणजे जो खडखडाट आम्हाला ऐकू येत नव्हता तो राघूला ऐकू येत होता! शिवाय कारखान्याचा रात्रभरचा उजेड पडवीत पडे. पोपटाला दहा-बारा तासांची अंधारी, निवांत झोप लागते. आमच्या राघूला ती शुक्रवारीच काय ती मिळत होती. कापसाचा बारीक तूस पिंजऱ्यावर बसे तो वेगळाच. आम्ही पिंजरा पडवीतून काढून पुढच्या खोलीत, सकाळचे ऊन येणाऱ्या खिडकीपाशी नेला. रात्री त्यावर जाड चादर. एक दिवसाआड पाण्याचा हलका फवारा, कारण पोपटाला पावसात भिजणे आवडते आणि ओल्या पिसांची निगा तो निगुतीने राखतो.

‘आणि हा गुरुवार बघा,’ मुलगी म्हणाली. ‘गुरुवारी माग चालू होते, तरी एकही पीस नाही.’

त्या गुरुवारी काय झाले होते? वहीत लिहिले होते : ‘आजीने हरभरा सोलला.’

बाजारातून कुणीतरी ओल्या हरभऱ्याच्या जुड्या आणल्या होत्या. आई त्या पिंजऱ्याशेजारी बसून सोलत होती आणि गंमत म्हणून तिने एक घाटे लागलेली डहाळी पिंजऱ्यात खोचली. राघू तिच्यावर तुटून पडला. घाटा पायात धरायचा, फोडायचा, आतला दाणा काढून खायचा, टरफल आईच्या दिशेने भिरकवायचे. एक डहाळी संपली, दुसरी. दुपारभर दोघे समोरासमोर बसून हरभरा सोलत होती.

येथे मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आईचे वय एकोणऐंशी. गेली तीन-चार वर्षे तिची बोटे सांधेदुखीने वाकली आहेत. सौ. नोकरी करते; तिने मोठ्या मायेने सासूला कामातून मोकळे केले. मेथी निवडलेली येऊ लागली, मटार सोललेले येऊ लागले, लसूणसुद्धा सोललेला. ‘आई, तुम्ही आता फक्त आराम करा.’ आईने तक्रार केली नाही. ती पडवीत बसे, आणि अंगावरच्या गोधडीचे दोरे बोटांनी एक-एक करून उसवत बसे. गोधडीच्या कडेची ओळच्या ओळ तिने मोकळी केली होती. ‘वय झालं, बोटांना चाळा लागतो,’ असे आम्ही म्हणत होतो आणि दुसरी गोधडी देत होतो.

मुलीची वही वाचून झाल्यावर सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अहो, येताना उद्या मटारच्या शेंगा आणा. सोललेले नकोत.’

त्या दिवसापासून आमच्या पुढच्या खोलीत एक कारखानाच सुरू झाला. आई त्याची मुकादम. सकाळी ती राघूच्या शिध्याची तयारी करी. पानांसकट कणीस, बाजरीचे कणीस, शेवग्याचा पाला, पेरूची पानासकट फांदी, भोपळ्याची फोड सालीसकट, गाजर, शेंगेतले मटार. भुईमुगाची एखादीच शेंग, आणि तीही कागदाच्या पुडीत गुंडाळून, दोऱ्याने बांधून. हा पुड्या बांधण्याचा शोध आईचाच. वाकड्या बोटांनी तिला गाठ मारायला पाच मिनिटे लागत आणि राघूला ती सोडायला दहा. गाठ सुटली की आई म्हणे, ‘लबाडा, सोडलीस होय? उद्या निरगाठ मारते थांब.’

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त वैशंपायन नावाचा पोपट आहे. शाल्मलीच्या म्हणजे सावरीच्या झाडावर जन्मलेला तो पोपट पिंजऱ्यातून शूद्रक राजाच्या दरबारात येतो. राजा त्याला नीट जेवलास ना, असे विचारतो, तेव्हा तो जांभळाचा रस, डाळिंबाचे दाणे, आवळे अशी यादी सांगतो. इतकी वर्षे मी हा भाग वर्णनसौंदर्यासाठी वाचत आलो. आता वाटते, बाणभट्टाने कधीतरी पोपट जवळून पाहिला असावा. त्या यादीत दूधपोळी नाही.

राघू सुधारला. वहीतला आकडा उतरत गेला आणि तीन महिन्यांनी छातीवर हिरव्या कोंबांसारखी पिसे दिसू लागली. सगळा चट्टा मात्र भरला नाही. एकाच जागचे पीस पुन:पुन्हा उपटले की त्याचे मूळच मरते, तिथे मग काही उगवत नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते. आपण उशीर केला, हे त्या तळहाताएवढ्या चट्ट्याच्या मधल्या भागावर कायमचे लिहिले गेले आहे.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आणखीही एक गोष्ट सांगितली होती. ती मी घरी मुद्दामच उशिरा सांगितली. आपल्या देशी पोपटाला पिंजऱ्यात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. मग तो विकत घेतलेला असो की मावशीकडून आलेला. मी वर्गात मुलांना नागरिकाची कर्तव्ये सांगत असतो आणि घरी माझ्या खिडकीत गुन्हा शिट्टी वाजवीत होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला 2015 साली एका पंचाऐंशी वर्षांच्या बाईंनी एक पोपट आपल्याला शिव्या देतो अशी तक्रार केली होती. पोपटाला पोलीस ठाण्यात आणले, तिथे त्याने अवाक्षर काढले नाही आणि शेवटी त्याची रवानगी वनखात्याकडे झाली. ही बातमी वाचून मी पोट धरधरून हसलो होतो. आता हसू येईना.

‘मग पिंजऱ्याचं दार उघडून देऊ सोडून,’ धाकटा म्हणाला. डॉक्टरांनी त्यालाच बजावून मना केले होते. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या पंखांत बळ नसते, त्याला अन्न शोधता येत नाही, कावळा-मांजर ओळखता येत नाही. असे सोडणे म्हणजे मारणेच. त्याला वनखात्याच्या स्वाधीन करणे हाच मार्ग. आम्ही आठ दिवस तो विषय काढला नाही. नवव्या दिवशी आईनेच काढला. ‘त्याला त्याच्यासारखे चार भेटतील ना तिथे?’ तिने विचारले. पोपट थव्यात राहणारा जीव. एकटेपणाही पिसे उपटायला लावतो. मी ‘हो’ म्हणालो. ‘मग ने,’ ती म्हणाली.

वनखात्याच्या कार्यालयात मी अपराध्यासारखा उभा राहिलो. तिथल्या माणसांनी कागदपत्रे केली, राघूला पाहिले आणि मला फारसे लाजवले नाही. आईने एका कागदावर राघूचा आहार लिहून दिला होता. शेवटची ओळ अशी होती : ‘सोलून देऊ नये.’

वाचकहो, तुमच्या घरी देशी पोपट असेल तर तो वनखात्याकडे द्या. दुसरा तोडगा नाही. परदेशी पक्षी असेल तर त्याची जात कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे का ते पाहा. असल्यास 2024 च्या नियमांप्रमाणे नोंद करून घ्या. त्याने पिसे उपटायला सुरुवात केली तर तेलहळद लावू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जा. न चिकटणाऱ्या तव्याचा तापून निघालेला धूर, विडी-सिगारेट, चॉकलेट आणि ॲव्होकॅडो यांपासून त्याला दूर ठेवा. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत घ्या. आणि वाटी भरण्याआधी एकदा विचार करा, की ती रिकामी झाल्यावर तो दिवसभर काय करणार.

राघू गेला तेव्हा मला धास्ती होती की आईची गोधडी पुन्हा उसवायला लागेल. पण सौ.ने मटार सोललेले आणणे बंद केले ते बंदच. आईची निवडलेली मेथी वेळेवर तयार होत नाही, कधीकधी तिच्यात एखादे गवताचे पानही निघते, आणि सकाळी सौ.ची गाडी चुकायची वेळ येते. तरी रोज रात्री ती टोपली घेऊन आईपुढे ठेवते. काल मी कॉलेजातून आलो तेव्हा फराळासाठी आणलेले शेंगदाणे आई भाजून, चोळून, पाखडत बसली होती. खोलीभर टरफले उडत होती.

‘अरे, पसारा तुडवू नकोस,’ ती म्हणाली. ‘मला काम आहे.’